गाडीने घट बसवला

कळव्यात लोक दोनच गाड्यांना निमूट वाट द्यायचे. एक रुग्णवाहिका आणि दुसरी आमच्या घरमालकिणीची. त्यातही रुग्णवाहिकेला एखादा रिक्षावाला आडवा जायचा. घरमालकिणीला आडवं जाण्याची छाती रिक्षावाल्यांच्या सबंध स्टँडवर कुणाची नव्हती. तिची ती लाल, पिटुकली, जुनी गाडी बाजाराच्या तोंडाशी दिसली की भाजीवाल्या टोपल्या उचलायच्या, कुत्री ओट्यावर चढायची आणि वाहतूक पोलिसाला एकाएकी चहाची तलफ यायची. एकदा तर सिग्नल लाल होता तो तिला बघून हिरवा झालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. खोटं वाटत असेल तर वाटू दे. त्या गाडीत मी बसलेलो आहे, तुम्ही नाही.

मी आता डोंबिवलीला राहतो. आमच्या सोसायटीचे चेअरमन गाडी काढण्याआधी सीटबेल्ट, आरसे आणि बायकोचा मूड अशा क्रमाने सगळं तपासतात आणि तरीही फाटकाचा खांब घासतात. ते दृश्य पाहिलं की मला आय आठवते.

आय म्हणजे ती घरमालकीण. तिचं नाव बिल्डिंगच्या पाटीवर होतं, पण तिला नावाने हाक मारणारं माणूस कळव्यात उरलेलं नव्हतं. तिचा मुलगा तिला आय म्हणायचा, म्हणून आम्ही सगळे भाडेकरूही आयच म्हणायचो. घराणं तिथलंच, जुनं. कधीकाळी खाडीकाठी त्यांची मिठागरं होती, भाताची खाचरं होती. मग शहर आलं, मिठागरं गेली, आणि खाचरांच्या जागी चार मजल्यांची बिल्डिंग उभी राहिली. तळमजल्यावर आय आणि वरती आम्ही, ठिकठिकाणच्या गावांहून आलेले. आयचं वय साठीच्या पुढे. कासोट्याचं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, डोळ्यांवर काळा गॉगल आणि पायात कॅनव्हासचे बूट. या वेषात ती स्टिअरिंगमागे बसली की पुढच्या काचेतून फक्त गजरा आणि गॉगल दिसायचे. नवखा माणूस समजायचा गाडी आपोआप चाललीय. जुना माणूस समजायचा, आणि गटार ओलांडून पलीकडे जायचा.

ती गाडी शिकली ते नवरा गेल्यावर. थोरला मुलगा, म्हणजे एकुलताच, पण कळवाभर त्याला थोरलाच म्हणायचे, कारण तो कार्यकर्ता होता आणि चौकाचौकात त्याचे वाढदिवसाचे फ्लेक्स लागायचे. त्याने ट्रकएवढी पांढरी गाडी घेतली, ड्रायव्हर ठेवला आणि आईला म्हणाला, आता तुला कुठे जायचं असेल ते फक्त विचार, ड्रायव्हर नेऊन सोडेल. 'विचार' हा शब्द आयच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला. पालखीत घालून मिरवायला मी काय देव हाय का, असं म्हणून ती उठली आणि सरळ मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊन बसली. शिकवणाऱ्या मास्तरचे केस त्या महिन्यात पांढरे झाले असं म्हणतात. मी म्हणतो, ते खोटं आहे. केस गळले.

तिने सगळं शिकून घेतलं, एक रिव्हर्स सोडून. रिव्हर्स ती टाकायचीच नाही. मास्तरने फार आग्रह केला तेव्हा तिने त्याला ऐकवलं, "मागं जायाला मी गारी शिकत नाय." त्यामुळे एखादी गल्ली चुकली की ती पुढेच जायची, जिथून वळता येईल तिथून वळायची, कधी विटाव्याहून, कधी मुंब्र्याहून. एकदा स्टेशनमागच्या बोळात तिच्यासमोर कचऱ्याचा ट्रक आला. दोघांपैकी एकाला मागे जाणं भाग होतं. आयने इंजिन बंद केलं, डबा उघडला आणि भाकरी खायला घेतली. ट्रक मागे गेला. तो इतका मागे गेला की खाडीचा पूल ओलांडून कोपरीत पोचला, आणि ड्रायव्हरने म्हणे तिथेच नोकरी सोडून वडापावची गाडी टाकली.

भाडेकरू निवडायची तिची पद्धतही गाडीतलीच. कागदपत्रं, पगार, जात, गाव, मासळी खाता का, यातलं काहीएक ती विचारायची नाही. माणसाला शेजारी बसवायची आणि कळव्याहून कोपरीच्या गॅरेजपर्यंत नेऊन परत आणायची. वाटेत ज्याचा पाय नसलेला ब्रेक दाबायचा, त्याला खोली नाही. बँकेतले एक साहेब पुलावर रामरक्षा म्हणायला लागले, त्यांना तिने पूल संपता संपता उतरवलं. माझ्या गाडीत बसून दुसऱ्याला बोलावतो, म्हणजे उद्या माझ्या घरात राहून दुसऱ्याचं ऐकेल, हे तिचं कारण. मी मात्र पहिल्या फेरीत पास झालो. मी डोळे मिटून शांत बसलेलो पाहून तिला वाटलं, पोरगा विश्वासाचा आहे. खरं सांगायचं तर पहिल्या वळणानंतरचं मला काही आठवत नाही.

तर अशी ही बाई, आणि तिच्या गाडीत एका नवरात्रात तेलाचा दिवा लागला.

हे नीट सांगायला हवं. आयचा नेम असा की घटस्थापनेला घरात घट बसवायचे, देवीपुढे अखंड दिवा लावायचा, समईत नवं तेल घालायचं, आणि त्याच दिवशी गाडीचंही तेल बदलायचं. देवीला नवं तेल आणि गाडीला जुनं, हा पंक्तिप्रपंच तिला मान्य नव्हता. कोपरीचा गॅरेजवालाही हे जाणून असायचा. तो त्या दिवशी आधी आयची गाडी करायचा आणि मग शटर ओढून थेट दसऱ्यापर्यंत कोकणात गावी. त्या वर्षीही त्याने तेल काढलं, फिल्टर बदलला, नवं तेल भरलं. आय कमरेवर हात ठेवून शेजारी उभी, तेल नीट ओततो की नाही बघायला. जशी ती सुनेच्या फोडणीवर उभी राहायची तशीच. गाडी घरी आली, बिल्डिंगच्या आवारात लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आय मोहने गावाला निघाली. मोहन्याला तिची धाकटी बहीण दिलेली. तिचा नवरा तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला, पुढे नवराही गेला, आणि बहीण उरली गुडघे धरून. दर आठवड्याला आय तिच्याकडे जायची. अष्टमीला तर गेलंच पाहिजे, कारण अष्टमीला दोघी बहिणी टेकडीवरच्या देवीला जायच्या. जाताना भांडत, येताना भांडत. मधे देवीसमोर थोडा वेळ गप्प बसायच्या, तेवढाच दोघींना विसावा. बहिणीचे गुडघे बसने जाण्यातले नव्हते आणि तिच्या पोरांना वेळ नव्हता. तिला टेकडीवर नेणारं जगात एकच वाहन होतं, ते लाल.

मी ऑफिसला निघालेलो, तेवढ्यात आयने हाक मारली. गाडी चालू होती. स्टिअरिंगमागच्या काचेत एक लाल चित्र पेटलेलं: तेलाची बुधली, तिच्या चोचीतून पडणारा एक थेंब. किल्ली फिरवली की ते चित्र लागतं आणि इंजिन चालू झालं की विझतं, ही रोजची रीत. आज विझत नव्हतं. आय त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. हुबेहूब आपल्या समईसारखं दिसतंय, म्हणाली, आणि तिने चक्क हात जोडले.

"गारीनं घट बसवला रं," ती म्हणाली, आणि लगेच इंजिन बंद केलं.

तिला कुणी अडाणी समजू नये. लाल दिवा म्हणजे तेल पोचत नाहीय, अशाने इंजिन जळतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जनावर तहानलेलं सांगतंय तर त्याला पळवायचं नाही, हा तिचा कायदा. म्हणून गाडी उभी राहिली. आणि आय घरात बसली. आय घरात बसल्यावर घराचं काय होतं, ते तिच्या सुनेला विचारा. त्या दिवसांत सुनेने स्वयंपाकघरातले डबे तीनदा नव्याने लावले आणि तिन्ही वेळा चुकीचे लावले.

इकडे बिल्डिंगमधला जो तो इंजिनियर झाला. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मोबाईलवर परदेशातल्या माणसाचा व्हिडिओ लावला. तो इतका वेळ बोलला की त्याच्याच गाडीचं तेल संपलं असेल. दुसरा एक जण म्हणाला तेल जास्त झालंय, तिसरा म्हणाला कमी झालंय, आणि दोघे त्यावरून एकमेकांशी दसऱ्यापर्यंत बोलले नाहीत. मी तेल मोजायची पट्टी ओढून, पुसून, परत घालून बघितली. तेल बरोब्बर खुणेला. आयने गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरली. सकाळी एका थेंबाचा डाग नव्हता, सगळ्या बातम्या जशाच्या तशा कोरड्या. मग तिने मला किल्ली फिरवायला लावली, गावाकडच्या चुलीची लोखंडी फुंकणी आणली, तिचं एक टोक इंजिनवर टेकवलं, दुसरं कानाला लावलं, आणि डॉक्टरसारखी गंभीर होऊन ऐकलं. तेल नसतं तर आतून खडखड आली असती. आली नाही. पोट साफ आहे, असा निकाल देऊन तिने मला इंजिन बंद करायला सांगितलं. दिवा मात्र इंजिन चालू असेतो हूं की चूं न करता जळत होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जाताजाता सुचवलं की एवढी गाडी फिरते, नजर लागली असेल, एक लिंबू-मिरची बांधावी. आयने त्यांना जिन्यातच थांबवलं. "लिंबू सरबताला, मिरची कालवनाला, गारीला तेल. ज्याचं त्याला द्यावं."

कोपरीच्या गॅरेजवाल्याला मी रोज फोन लावत होतो, तो लागत नव्हता. त्याच्या गावात देवळामागच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, चढलं तरच रेंज येते, आणि नवरात्रात तो देवळातून बाहेर येत नाही. शेवटी थोरल्याने त्याच्या पांढऱ्या गाडीच्या वर्कशॉपमधला माणूस आणला. त्या माणसाचे कपडे इतके स्वच्छ होते की तो वाकणार नाही हे मला आधीच कळलं. त्याने उभ्याउभ्या दिव्याचा फोटो काढला आणि सांगितलं, तेलाचा पंप गेला, इंजिन उघडावं लागेल, आणि खरं म्हणाल तर एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन कुणी उघडत नाही.

थोरला याच वाक्याची वाट बघत असल्यासारखा उभा होता. त्याचा आवाज सभेत गरजायचा, पण आईपुढे तो नेहमी खालच्या पट्टीत असायचा. तो म्हणाला, "आय, इंजिन गेलं. आता बास झालं."

"दिवा लागला म्हंजे इंजिन गेलं?" आय म्हणाली. "मंग रोज संध्याकाली तू घरात दिवा लावतोस, तवा घर जातं क?"

तो हसला नाही. शिळफाट्याकडचा एक भंगारवाला त्याने बघून ठेवलेला; अष्टमीच्या सकाळी तो गाडी ओढून न्यायला येणार होता. त्यानंतर तू ड्रायव्हरबरोबर जायचं, असं त्याने सांगून टाकलं. अष्टमीच का, तर त्या दिवशी आय काही झालं तरी निघणार आणि वाटेत गाडी पेटेल अशी त्याला भीती. सून देवघराच्या दारात उभी, मी फुंकणी हातात धरून. मला वाटलं आता आकाश कोसळणार. पण आय सौद्याला बसली. अष्टमीच्या सकाळपर्यंत दिवा विझला नाही, तर गाडी ने. विझला, तर पुन्हा माझ्या किल्लीकडे डोळा वर करून बघायचं नाही. थोरल्याने मान डोलावली. त्याला पंपाची खात्री होती.

अष्टमी उजाडली. दिवा जळत होता. दोन्ही दिवे, देवीपुढचा अखंड आणि गाडीतला किल्ली फिरवली की. गाडी ओढणारा ट्रक फाटकाबाहेर येऊन थांबला, साखळीचा आकडा लोंबत होता. आय पहाटेच अंघोळ करून, नवं लुगडं नेसून, बहिणीसाठी केलेल्या घावण्यांचा डबा घेऊन गाडीत जाऊन बसलेली. काचा वर. दारं लावलेली. थोरला परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांत फाटकापाशी आला, खिडकीवर टकटक केली. तिने काच बोटभर खाली घेतली आणि सांगितलं, ओढायची तर अशीच ओढ, मना आत बसवून. शिळफाट्यावर भंगारात मना पण तोलून दे.

ट्रकवाल्याने हे ऐकलं आणि तो हळूच विडी ओढायला लांब गेला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. कोपरीचा गॅरेजवाला, टेपावरून. मागे ढोल वाजत होते, त्यामुळे आम्ही दोघं ओरडत बोललो आणि सगळ्या बिल्डिंगने ऐकलं. मी पट्टी, कागद, फुंकणी सगळं सांगितलं. तो म्हणाला, तेल खुणेला, गळती नाही, आवाज नाही, म्हणजे तेल आहे आणि पोचतंय; खोटं बोलतोय तो दिवा. फिल्टरच्या शेजारी प्रेशरचा स्विच आहे, त्याला एकच वायर आहे, तिच्यावर रबरी टोपी. ती टोपी निघाली आणि वायरचं टोक कुठे लोखंडाला लागलं, की दिवा जळणारच, मग तेलाची विहीर ओता. वरून दिसायचं नाही, खाली झोपून बघा. मी टोपी नीट बसवलेली, माझ्यानंतर कुणी हात घातलाय. एवढं बोलून तो टेपावरून खाली गेला असावा, कारण नुसते ढोल उरले आणि मग तेही गेले.

आयने काच पुरती खाली घेतली. ती एक-एक करून सगळ्यांकडे बघायला लागली. तिचं गणित साधं होतं: गाडी गॅरेजातून शहाणी आली आणि घरी येऊन वेडी झाली, तर वेड घरातलंच. कोण कोण हात लावून गेलं ते आताच्या आता बोला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बॉनेटला हळद-कुंकू लावल्याचं कबूल केलं. पहिल्या मजल्यावरच्यांनी टायरवर पाय ठेवून बुटाची लेस बांधलेली. मी टेकून उभा राहायचो हे मी आपणहून सांगितलं. थोरला सदऱ्याची बाही सारखी करत होता.

"तू बारीक हायेस," आय मला म्हणाली. "घूस खाली."

ऑफिसच्या शर्टात जमिनीवर झोपणार कसा? सुनेने माळ्यावरून एक फ्लेक्स आणून अंथरला. तो थोरल्याच्या गेल्या वाढदिवसाचा होता. बारा फुटी, हात जोडून हसणारा. त्याच्या कपाळावरून सरपटत मी गाडीखाली गेलो. मोबाईलचा उजेड मारला. फिल्टर दिसला. शेजारी स्विच दिसला. आणि त्याच्या शेजारी मला जे दिसलं ते पाहून मला आधी वाटलं, खालून बिल्डिंगच उलटी झालीय.

एक लिंबू. सुकलेलं, काळवंडलेलं, आठवडाभरात सुरकुतलेलं. त्याच्या वर-खाली मिरच्या. ज्या तारेत ते ओवलेलं, ती तार एका लोखंडी पट्टीला बांधलेली आणि तिचं दुसरं टोक स्विचच्या उघड्या वायरवर टेकलेलं. रबरी टोपी बाजूला लोंबत होती. नजर लागू नये म्हणून बांधलेलं लिंबू किल्ली फिरेल तेव्हा दिवा पेटवत बसलेलं.

मी खालूनच सांगितलं.

"गाठ कशी हाय?" आयचा आवाज आला.

मी म्हटलं, तारेला दोन पीळ आहेत आणि टोक परत आत खोवलंय. मिठाची गोणी शिवतात तशी.

गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला. कॅनव्हासचे बूट जमिनीवर आले आणि पांढऱ्या चपलांसमोर जाऊन थांबले. मिठाच्या गोणीची ती गाठ या घरात दोघांनाच येत होती. एक फोटोत गेलेला, दुसरा समोर उभा. मी गाडीखालून बाहेर येईपर्यंत बोलून झालं होतं की नाही ठाऊक नाही. मी आलो तेव्हा एवढा मोठा माणूस मान खाली घालून उभा होता. त्याने सांगितलं, तेल बदलून गाडी आली त्याच संध्याकाळी त्याने ते बांधलेलं. बाहेर बांधलं तर आय तोडून फेकणार, म्हणून आत, खाली, हाताला लागेल तिथे. टोपी कधी निसटली ते त्याला कळलं नाही. दिवा आपल्यामुळे लागलाय हे तर देवाशपथ ठाऊक नव्हतं.

"तू पुलावर चढलीस की मला फोन येतात, आय," तो म्हणाला. "तुझी आय चालली बघ, म्हणून हसतात. मी पण हसतो. आणि तू परत येईस्तोवर माझा जीव जाग्यावर नसतो."

आयने फ्लेक्सकडे बोट दाखवलं. त्याने एकदा आपल्या कपड्यांकडे पाहिलं, एकदा जमिनीवरच्या आपल्याच हसऱ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तो आडवा झाला. पोट अडलं, पण गेला. मी उजेड धरला. त्याने तार सोडली, लिंबू काढलं, रबरी टोपी दाबून बसवली. बाहेर आला तेव्हा पांढऱ्या सदऱ्यावर काळा पट्टा उमटलेला, झेब्र्यासारखा.

आयने किल्ली फिरवली. लाल बुधली पेटली. इंजिन घुरघुरलं, आणि बुधली विझली. काकूंनी नकळत हात जोडले. आयने आणखी थोडा वेळ वाट बघितली, पुन्हा लागते का म्हणून. लागली नाही. ट्रकवाला न सांगता साखळी गुंडाळायला लागला.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. सौदा झालेला, दिवा विझलेला. पण थोरला फाटकात जाऊन उभा राहिला, मधोमध, दोन्ही हात पसरून. हातात अजून ते लिंबू. दिव्याचं सोड, तो म्हणाला, दिवा नव्हता तेव्हाही मला हेच म्हणायचं होतं. तू नको जाऊस. मावशीला मी ड्रायव्हर पाठवून आणतो, तुम्ही दोघी पांढऱ्या गाडीतून देवीला जा.

गाडी त्याच्या गुडघ्यांपर्यंत आली आणि थांबली. आयने गॉगल काढला. इतक्या वर्षांत तिचे डोळे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. लहान होते, आणि लाल.

"उधानाच्या भरतीला मिठागराचा बांध फुटायचा," ती म्हणाली. "तुझा बा कमरेएवढ्या पान्यात उतरायचा. मी काठावर उभी राहून भ्यायची. तू पोटात होतास तवा पन भ्यायची. त्याच्या कमरेला मी मिरच्या बांधल्या नाय. उतरू नको, असं पन बोलली नाय. भ्यायचंय तर भी. पन बाजूला उभा राहून भी. आडवा उभा राहून नको."

तो हलला नाही. तीही हॉर्न वाजवत नव्हती. मला वाटलं आता हिचा भाकरीचा डबा उघडणार. पण तिने फक्त गॉगल परत चढवला आणि गजरा सारखा केला. मग त्याचे हात खाली आले. आधी डावा, मग उजवा. तो फाटकाच्या खांबाला पाठ लावून बाजूला झाला. लाल गाडी त्याच्या पोटाला न लागता, पण फार लांबूनही नाही, सुळकन बाहेर पडली, आणि रस्त्यावरची कुत्री ओट्यावर चढली.

ट्रक गेला. बिल्डिंग आपापल्या चहाला गेली. मला ऑफिसला जायला उशीर झालाच होता, म्हणून मी थोरल्यापाशी गेलो आणि म्हटलं, चला, वर चहा घेऊ, आता दुपारशिवाय काही ती येत नाही.

तो रस्त्याकडे बघत होता.

"तू घे," तो म्हणाला. "आय येऊ दे."